एकाच जूनमध्ये दोघांची शाळा बदलली तर: आधी एसटी, डबा आणि झोप, मग अभ्यास

आमच्या घरात एकाच जूनमध्ये दोघांच्या शाळा बदलल्या. थोरली गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून चौथी संपवून कोरेगावच्या हायस्कूलला पाचवीत गेली आणि धाकटा अंगणवाडी सोडून त्याच जिल्हा परिषद शाळेत पहिलीला बसला. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका. म्हणजे धाकटा तीन वर्षं माझ्याच डोळ्यांसमोर होता; बाकीची पोरं मला बाई म्हणायची आणि तो आई. घरात आम्ही सहा माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि ही दोन. मालक शेती बघतात, आलं आणि घेवडा असतो, दारात दोन म्हशी आहेत.

अंगणवाडीतून पहिलीत जाणारी मुलं मी दर वर्षी बघते. पाचवीला गावाबाहेर जाणाऱ्या पोरींच्या आया माझ्याकडं येऊन बसतात. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. शाळा बदलली की आईवडील अभ्यासाच्या काळजीत पडतात, पण पोराचं घोडं अडतं ते भलतीकडंच. पाण्याच्या बाटलीचं झाकण निघत नाही. शू लागली हे नव्या गुरुजींना कसं सांगायचं ते कळत नाही. एसटी चुकली तर काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. दुपारी तीनला डोळे मिटायला लागतात. या गोष्टी एप्रिल-मेमध्ये घरच्या घरी निस्तरता येतात, आणि त्या निस्तरल्या की अभ्यास बराचसा आपोआप रुळावर येतो. म्हणून मी ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं लिहिते.

कागद: नाव पटावर असेपर्यंत तपासून घ्या

चौथीचा निकाल १ मेला लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, पण त्याआधी एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना विनंती करून जनरल रजिस्टरमधली आपल्या मुलाची नोंद डोळ्यांनी बघून घ्यावी. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, आडनावाचं शुद्धलेखन, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळाचं गाव-तालुका-जिल्हा, जात आणि पोटजात. रजिस्टरात जे असतं तेच दाखल्यावर उतरतं आणि दाखल्यावरचं पुढं दहावीपर्यंत चालतं. नाव शाळेच्या पटावर असेपर्यंत चूक दुरुस्त करणं सोपं असतं. मूल शाळा सोडून गेलं की त्याच कामासाठी शिक्षण विभागाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आमच्या वस्तीवरच्या एका मुलीच्या आईचं नाव रजिस्टरात माहेरचं लागलं होतं. एप्रिलमध्ये लक्षात आलं म्हणून थोडक्यात निभावलं.

दाखला हातात आला की काम संपत नाही, कारण हल्ली मुलाची नोंद संगणकावरही असते. राज्याच्या शिक्षण विभागाच्या सरल पोर्टलवर नवी शाळा ऑनलाइन विनंती पाठवते आणि जुन्या शाळेनं ती मंजूर करायची असते. तसंच यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळांच्या नोंदणीत प्रत्येक मुलाचा एक कायमचा क्रमांक असतो, त्याला पेन म्हणतात. दाखल्यावर तो क्रमांक आणि सरलचा स्टुडंट आयडी आहे का ते बघा, नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून घ्या. जूनच्या अखेरीस दोन्ही शाळांना एकेक फोन करून विचारा, "ट्रान्सफर झालं का?" ते राहून गेलं तर मूल बसतं एका शाळेत आणि नाव दिसतं दुसऱ्या शाळेत. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या वेळी धावपळ होते.

पहिलीसाठी आपल्याकडं ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण होत असतील तर प्रवेश मिळतो. चार-सहा महिने अलीकडचं मूल ओढूनताणून बसवू नका असं मी प्रत्येक आईला सांगते. अंगणवाडीत त्या वयात चार महिन्यांनी किती फरक पडतो ते मी रोज बघते. आणि आधार. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते आणि पाच ते सात या वयात ती फुकट होते. हे मेमध्ये उरकून टाका, कारण जूनमध्ये केंद्रावर रांग असते.

कायद्याचंही थोडं माहीत असावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कलम १३ प्रमाणं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण कलमाचा नंबर तोंडपाठ असला की बोलताना आवाज नीट निघतो.

रस्ता: एसटीची ओळख मेमध्येच

आमच्या गावापासून कोरेगाव सहा किलोमीटर. चौथीपर्यंत थोरली घरातून निघाली की दोन मिनिटांत शाळेत. आता एसटी, स्टँड, तिथून हायस्कूलपर्यंतचं चालणं आणि संध्याकाळी परत तेच. मुलाला हे सगळं एकदम १५ जूनला दाखवलं तर पहिल्या दिवशी वर्गातलं काहीच डोक्यात जात नाही, सगळं लक्ष परतीच्या गाडीवर असतं.

मे महिन्यात बाजाराच्या दिवशी तिला बरोबर नेलं. तिचं अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं असल्यामुळं माझंही अर्धं. जाताना बोलायचं काम तिच्याकडं दिलं. गाडी आली की पाटी वाचायची, वाचता आली नाही तर कंडक्टरला "काका, कोरेगाव का?" असं मोठ्यानं विचारायचं. पहिल्यांदा तिचा आवाज तिलाच ऐकू आला असेल एवढाच निघाला. मी मधे बोलले नाही. कंडक्टरनं मान खाली वाकवून "काय म्हणतीस बाळ?" विचारलं आणि मग ती नीट बोलली. आईनं पटकन तोंड घालून काम उरकलं की मुलाला वाटतं हे काम आईचंच आहे. थोडा वेळ गप्प राहणं या सगळ्यात अवघड, पण तेवढंच गरजेचं.

स्टँडवर तीन जागा दाखवाव्यात. आपली गाडी कुठं लागते तो फलाट, चौकशीची खिडकी, आणि बायका-पोरी जिथं बसलेल्या असतात ती बाकडी. गाडी चुकली तर काय करायचं याचा नियम एकच ठेवावा आणि तो पाठ करून घ्यावा. आमचा नियम असा: चौकशीच्या खिडकीपाशी जायचं, "आमच्या गावाची पुढची गाडी कधी?" विचारायचं, तिथल्याच कुणाला तरी घरी फोन लावायला सांगायचा आणि बाकड्यावर बसून राहायचं. ओळखीचा असला तरी कुणाच्या दुचाकीवर बसायचं नाही. घरातून ज्यांची नावं सांगितलीत तेवढीच माणसं. आमच्या यादीत चारच नावं होती. दोन फोन नंबर तोंडपाठ. नुसते वहीत लिहून उपयोग नाही, वही दप्तरात आणि दप्तर वर्गात राहतं.

मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मुलग्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. महामंडळानं पास शाळेतच देण्याची मोहीम सुरू केली आहे, तेव्हा आगारात रांग लावण्याआधी शाळेत विचारा. पास हातात येईपर्यंतचे सुटे पैसे कंपासपेटीत वेगळे ठेवा.

पहिल्या आठवड्यात मुलाबरोबर कोण जाणार हा घराघरातला प्रश्न. आमच्याकडं तो सासऱ्यांनी सोडवला. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढं, त्यांना एसटी पूर्ण मोफत. ते तिच्याबरोबर जायचे, कोरेगावात ओळखीच्या दुकानात बसायचे आणि संध्याकाळी तिला घेऊन यायचे. पुढच्या आठवड्यात फक्त सकाळी सोडायला गेले. त्यानंतर गावातल्या सातवीतल्या दोन पोरींच्या ताब्यात दिली. हे टप्पे तिला आधीच सांगितले होते, म्हणून आबा उद्यापासून येणार नाहीत याचा धक्का बसला नाही.

ज्यांची मुलं व्हॅननं किंवा स्कूल बसनं जातात त्यांनी एवढं बघावं: महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसची स्वतंत्र नियमावली आहे आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. गाडीत मदतनीस आहे का, परवाना शालेय वाहतुकीचा आहे का, हे त्या समितीला विचारायचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. रिक्षात कोंबून मुलं न्यायची पद्धत सगळ्यांना सवयीची झाली आहे, म्हणून ती बरोबर ठरत नाही.

शरीर: हूक, झाकण, कडी

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी जास्त लिहिते.

पहिलीतल्या मुलाला स्वतःची चड्डी काढता-घालता आली पाहिजे. अंगणवाडीत सगळी मुलं इलॅस्टिकच्या चड्डीत येतात. पहिलीचा गणवेश मिळाला की त्याला हूक आणि चेन असते. धाकट्याला मी मेमध्ये थोरल्या दिराच्या मुलाची जुनी गणवेशाची चड्डी घालून बघितली. हूक कमरेच्या आतल्या बाजूला, बोटं इवलीशी, एका हातानं कापड आत ओढायचं आणि दुसऱ्या हातानं हूक सरकवायचा. त्याला काढता यायचा, लावता यायचा नाही. मग रोज अंघोळीनंतर तीच चड्डी, आरशासमोर, घाई न करता. चार-पाच दिवसांत बोटांना वाट सापडली. ज्या मुलांना जमत नाही त्यांच्यासाठी शिंप्याकडून मागच्या बाजूला इलॅस्टिक टाकून घ्यावं, दहा मिनिटांचं काम असतं. ओली चड्डी झालेलं मूल त्या दिवशी घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढत नाही, आणि गुरुजींना वाटतं मूल शाळेला घाबरतं.

तसंच झाकणाचं. डबा आणि बाटली विकत घेताना मुलाला दुकानात न्यावं आणि त्याच्याकडूनच उघडून-लावून बघावं. दिसायला सुंदर, चार बाजूंनी कड्या असलेला डबा मोठ्या माणसालाही जोर लावून उघडावा लागतो. साधा स्टीलचा, वरून झाकण बसणारा डबा लहान हाताला बरा. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार असतो, तरी पहिले काही दिवस डब्यात ओळखीचं काहीतरी द्या. आमचा खिचडी खातो पण मोठ्या ताटात वाढलेली बघून गांगरतो. गुळ-शेंगदाणे आणि अर्धी चपाती असली की हात आधी तिकडं जातो, मग खिचडीकडं.

थोरलीची गोष्ट वेगळी. पाचवीत गेलेल्या कितीतरी पोरी सकाळी घरातून निघाल्यावर संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवीला जात नाहीत. स्वच्छतागृह कुठं आहे विचारायला लाज, तिथं गर्दी, कडी लागत नाही, पाणी नसतं. मग त्या पाणीच प्यायचं बंद करतात. जुलैमध्ये पोटात दुखतं, जळजळ होते आणि ताप येतो. म्हणून प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फी भरायच्या आधी मुलीचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. कुठल्या दाराची कडी लागते ते मुलीला दाखवा. मैत्रिणीबरोबर जोडीनं जायचं, एकीनं बाहेर उभं राहायचं हे सांगून ठेवा. संध्याकाळी बाटली रिकामी आहे का बघत जा. पाणी वापरण्यासारखं नसेल तर पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत बोला; एकटी आई बोलली तर विषय पुढं ढकलला जातो, पाच जणी बोलल्या तर नोंदवहीत लिहिला जातो.

आणि पाळी. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला शाळेत पहिल्यांदा पाळी येऊ शकते. मेच्या सुट्टीत, घरात दुपारी कोणी नसताना, तिला सगळं शांतपणे सांगा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका छोट्या पिशवीत दोन पॅड, एक निकर आणि वर्तमानपत्राचा कागद ठेवा. वर्गाच्या बाई नसतील तर कोणाकडं जायचं तेही ठरवून द्या. माझ्या सासूबाईंना आधी हे बोलणं पटलं नाही. "एवढ्याशा पोरीला कशाला?" मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि पिशवी त्यांनीच शिवून दिली, जुन्या नऊवारीच्या काठाची.

सकाळची घडी

हायस्कूल अकराचं, गाडी दहाची. जिल्हा परिषद शाळा साडेदहाची. माझी अंगणवाडी त्याच सुमाराला. डेअरीचं दूध सातच्या आत जायला हवं. शनिवारी दोन्ही शाळा सकाळच्या, म्हणजे थोरलीची गाडी साडेसहाची. ही तारेवरची कसरत एकट्या बाईनं करायची म्हटली तर आठवड्यात घरात चिडचिड सुरू होते आणि ती शेवटी पोरांवर निघते.

आम्ही मेच्या शेवटी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांनी बसून कामं वाटली. सगळ्यांनी म्हणजे पोरंही. मालकांकडं शनिवारची गाडी गाठून देणं आणि रोज संध्याकाळी थोरली आली का बघणं. सासूबाईंकडं धाकट्याची अंघोळ आणि केस. सासऱ्यांकडं डब्यांची झाकणं लावून पिशव्या भरणं. थोरलीनं दप्तर रात्रीच भरायचं आणि गणवेश खुंटीला लावायचा. धाकट्यानं स्वतःच्या चपला दारात जोडीनं ठेवायच्या. स्वयंपाक माझा. हे कागदावर लिहून दाराच्या मागं चिकटवलं. तोंडी ठरलेलं तिसऱ्या दिवशी हवेत विरतं.

झोपेचं मात्र कागदावर लिहून होत नाही. मेमध्ये मुलं रात्री अकराला झोपतात आणि सकाळी नऊला उठतात. शाळा सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवसांपासून रोज थोडं थोडं अलीकडं आणा. रात्री झोपवून घेणं अवघड जातं. सकाळी उठवणं तुलनेनं सोपं. म्हणून सकाळपासून सुरुवात करा, रात्र आपोआप मागं येते. अंगणवाडीत दुपारी डुलकी घेणाऱ्या मुलाला पहिलीत ती मिळत नाही. जूनभर धाकटा घरी आल्या आल्या झोपायचा आणि आम्ही झोपू दिलं, फक्त अंधार पडायच्या आत उठवलं.

पहिले आठवडे: कोण कुठं बसतं

धाकट्याची अडचण विशेष होती. अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात. पहिलीच्या वर्गाच्या खिडकीतून माझ्या अंगणवाडीचं दार दिसतं. त्याला वाटायचं आई इथंच आहे तर मी तिथं का? शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी एकत्र बसतात. गुरुजींशी बोलून मी असं ठरवलं की पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्यानं माझ्याकडं यायचं, पाणी प्यायचं आणि घंटेला परत जायचं. नंतर मीच आवाराच्या मधल्या चिंचेखाली जायचे, तो तिथं यायचा. मग सुट्टीत नुसता हात हलवायचा. जुलै उजाडेपर्यंत तो हात हलवायलाही विसरायला लागला.

एक कधीच केलं नाही: त्याची नजर चुकवून निघून जाणं. रडत असलं तरी मुलाला सांगूनच निघावं. "मी आता जाते, मोठी घंटा झाली की दारात असेन." आणि घंटेला खरंच दारात असावं. नजर चुकवून गेलेल्या आईचं मूल दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही, हे मी अंगणवाडीच्या दारात इतक्या वेळा बघितलं आहे की याबाबत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

२०२२ पासून आपल्याकडं 'पहिले पाऊल' नावानं शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि गावात माता गट असतात. आयांनी तिथं जावं. मुलाला किती अक्षरं येतात यापेक्षा तिथले रांगेत उभं राहायचे, नाव सांगायचे, वस्तू ओळखून वेगळ्या करायचे खेळच जास्त कामाचे आहेत.

थोरली नऊ मुलांच्या चौथीतून साठेक मुलांच्या तुकडीत गेली. चौथीपर्यंत एकच गुरुजी. आता प्रत्येक तासाला वेगळे सर, वेगळ्या बाई. तिला पहिल्यांदा छळलं ते वेळापत्रकानं. सगळीच पुस्तकं रोज न्यायची, कुठलं लागेल सांगता येत नाही म्हणून. एक दिवस ती दप्तर घेऊन अंगणवाडीत आली तेव्हा मी मुलांचं वजन करायच्या काट्यावर ते ठेवलं. साडेपाच किलो. तिचं स्वतःचं वजन सत्तावीस. नियमाप्रमाणं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. काट्यावरचा आकडा बघून ती स्वतःच बसली आणि एकेक पुस्तक बाजूला काढत गेली. नकाशावही, दोन जाड वह्या, रंगपेटी, आणि कुठल्याशा लग्नात मिळालेली पाण्याची दुसरी बाटली. तेव्हापासून वेळापत्रक बघून रात्री दप्तर भरायचं तिला सांगावं लागत नाही. किराणा दुकानात किंवा डेअरीत काटा असतोच. तुम्हीही एकदा मुलासमोर दप्तर तोलून बघा.

घरी आल्या आल्या "काय शिकवलं आज?" विचारू नये. आधी खाऊ द्यावं, हातपाय धुऊ द्यावेत. संध्याकाळी मी घेवड्याच्या शेंगा सोलायला बसले की ती शेजारी येऊन बसते, हाताला काम आणि डोळे खाली, तेव्हा सगळं बाहेर येतं. कोणाच्या शेजारी बसली, कोणी डब्यातलं मागितलं, कुठल्या सरांचा आवाज मोठा आहे. अधूनमधून "मग?" एवढंच म्हणावं.

दोघा भावंडांचंही एक दुखणं असतं आणि ते लवकर दिसत नाही. आधी थोरली धाकट्याला हाताला धरून शाळेच्या आवारात आणायची. ती गेली, तर त्याला वाटेवर सोबत उरली नाही आणि तिचं मोठेपण गेलं. मी तिच्याकडं त्याच्या पुस्तकांना कव्हर घालायचं आणि बालभारतीतली कविता म्हणून घ्यायचं काम दिलं. रविवारी तो तिला शाळेतल्या बातम्या सांगतो, कारण ती शाळा तिचीही होती.

अभ्यास

पाचवीला मराठी माध्यमात हिंदी नव्यानं सुरू होतं. बऱ्याच हायस्कूलांत सेमीचा पर्यायही पाचवीपासून असतो, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. शेजारच्यांनी घेतलं म्हणून घेऊ नका. गणित मराठीत पक्कं असेल तर इंग्रजी शब्द दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. भागाकारच कच्चा असेल तर दोन ओझी एकदम होतात. आम्ही सेमी घेतलं, आणि मेमध्ये रोज पाच शब्द केले. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, छेद, अंश यांना इंग्रजीत काय म्हणतात तेवढंच.

डिसेंबर २०२३ च्या नियमानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं गरजेचं झालं आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात थांबावं लागतं. हे मुलाला धाक म्हणून सांगू नका. स्वतःला माहीत असू द्या आणि गणपतीच्या सुमाराला वर्गशिक्षकांना भेटून कुठं मागं पडतंय ते विचारून या. स्पर्धा परीक्षांचे क्लास पहिल्या सत्रात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला आधी शाळेची वाट ओळखीची होऊ द्या.

काळजी कधी करायची

पहिले दोन-तीन आठवडे रडणं, चिडणं, कमी जेवणं चालतं. त्यानंतरही दर सोमवारी पोटात दुखत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, डबा रोज तसाच परत येत असेल, वह्या फाटून येत असतील, किंवा मूल घरातून पैसे मागायला लागलं असेल तर घरात बसून तर्क करू नका. शाळेत जा आणि शांतपणे विचारा. मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. त्यापलीकडचं काही असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत चालतो. तो मुलालाही पाठ असू द्या. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. आईवडिलांपैकी एकानं तरी तिच्या बैठकीला जात राहावं.

दिवाळीनंतर

दिवाळीच्या सुट्टीत कामांचा कागद दारामागून काढून पुन्हा लिहा. सहा महिन्यांत मुलं वाढलेली असतात. आमच्या धाकट्याची अंघोळ सासूबाईंच्या यादीतून निघाली, थोरलीनं शनिवारची गाडी पोरींबरोबर गाठायचं स्वतःकडं घेतलं. चपला-बुटांचं माप बघा, गणवेशाची दुमड सोडा.

याच दिवसांत आमच्या भागात ऊसतोड सुरू होते आणि बीडकडची कुटुंबं मुलांसकट येतात. त्यांच्या मुलांची शाळा वर्षातून दोनदा बदलते. अशा घरांसाठी चार गोष्टी सांगते. गाव सोडताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत मूल बसवता येतं. मुलाचा पेन नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर तिथल्या अंगणवाडी सेविकेला लगेच भेटा, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर त्याचं नाव आमच्याकडं हलवून घेता येतं आणि आहार बंद पडत नाही. आणि वयाचा पुरावा किंवा दाखला जवळ नसला तरी शाळेत जायचं थांबवू नका. मुलाला हाताला धरून सरळ मुख्याध्यापकांकडं न्या, कागद मागाहून येतील.